जाळीच्या दारावरचा हंस

"थुई, या शहरातले चोर झोपताना दाराला कडी का लावतात, माहीत आहे? माझ्या धास्तीने," डेस्मंडसाहेब म्हणाले. "नजर गरुडाची, नाक शिकारी कुत्र्याचं, स्मरणशक्ती हत्तीची आणि चाल मांजराची. असा माणूस ॲडलेडमध्ये दुसरा सापडणार नाही."

एकाच माणसात एवढी जनावरं असतील तर त्याने खरं म्हणजे प्राणिसंग्रहालयात अर्ज करायला हवा. डेस्मंड ट्रेगियर यांनी तो आमच्या खात्यात केला आणि सरकारने मंजूरही करून टाकला. त्यांच्या दारावर पाटी आहे: 'मुख्य सल्लागार, निवासी भाडे-अनामत'. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद चिकटवलाय: 'आणि तपास'. हा कागद मी दर शुक्रवारी काढते. सोमवारी तो परत उगवतो.

आमच्या खात्याचं काम सरळ आहे. भाडेकरू घरात शिरताना अनामत भरतो. ती घरमालकाच्या खिशात न जाता आमच्याकडे जमा होते. घर सोडताना दोघांनी सह्या केल्या की भाडेकरूला परत मिळते. सह्या झाल्या नाहीत तर भांडण, आणि भांडणाचा निवाडा करायला वेगळं न्यायाधिकरण बसवलेलं आहे. मग यात मुख्य सल्लागाराने करायचं काय? तर सल्ला द्यायचा, तोही कोणी विचारला तर. मी त्यांची सहायक, थुई फाम. ते सल्ला देत असताना खोलीचं दार बंद आहे ना, हे पाहणं माझ्याकडे असतं.

साहेबांची खोली बघण्यासारखी आहे. खुर्ची, दिवा, टोपी अडकवायचा खुंटाळा, खुद्द टोपी आणि ते प्रसिद्ध भिंग, यातलं काहीही विकत घेतलेलं नाही. सगळं अडगळीच्या आठवड्यातलं. नगरपालिकेची गाडी मोठी अडगळ न्यायला येणार असली की लोक आदल्या दिवसांत जुनं सामान फाटकाबाहेरच्या गवतावर मांडतात, आणि गाडी यायच्या आत निम्मं सामान दुसऱ्यांच्या घरी पोचलेलंही असतं. याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. उलट आपला टेबलफॅन दोन दिवस तसाच पडून राहिला तर माणसाला अपमान वाटतो. साहेब त्या आठवड्यात पहाटे उठतात, गाडीला छोटा ट्रेलर जोडतात आणि गल्ल्या पालथ्या घालतात.

"यंदा घेवड्याच्या वेलासाठी काय चौकट मिळाली म्हणून सांगू!" त्यांनी वसंतात मला सांगितलं होतं. "एका फुलाफुलांच्या सोफ्याला टेकवून ठेवली होती. सोफाही आणला असता, पण विनी म्हणाली, सोफा आणलास तर त्याच्यावरच झोपायचं."

विनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यानंतर दर सोमवारी मला घेवड्याची उंची ऐकावी लागली. वेल साहेबांच्या कमरेला लागला त्या सुमारास हंसाची फाईल आमच्याकडे आली.

ती आली मंत्र्यांच्या कार्यालयातून. एव्दोकिया माव्रिदिस नावाच्या म्हाताऱ्या घरमालकिणीने थेट मंत्र्यांना लिहिलं होतं: 'माझ्या भाडेकरणीने माझा हंस घालवला. मंत्री असशील तर शोधून दे.' वर कोणीतरी शेरा मारला होता, 'कृपया सल्ला द्यावा'. याचा सरकारी अर्थ असा, की दोन ओळींचं उत्तर लिहा आणि फाईल पुढे ढकला. साहेबांनी शेरा वाचला आणि उठून टोपी घातली.

"त्यांना मी हवा आहे," ते म्हणाले.

"त्यांना दोन ओळी हव्या आहेत, साहेब."

"थुई, हंस नाहीसा झालाय! आपल्या नदीवर हंस आहेत. धागा जुळतोय की नाही?"

त्या दुपारी आम्ही नदीकाठी उभं राहून काळ्या हंसांकडे संशयाने पाहिलं. त्यातल्या एकाने साहेबांचं सँडविच पळवलं. त्यामुळे हंसांविरुद्धचा संशय बळावला, पण पुरावा काही हाती लागला नाही. मग मी फाईलचं दुसरं पान उघडून दाखवलं. हंस पत्र्याचा होता आणि जाळीच्या दारावर बसवलेला होता. दारासकट गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एव्दोकियाबाईंकडे गेलो. पुढे त्यांचं घर, मागे लिंबाच्या झाडापलीकडे दोन खोल्यांची जागा. त्या जागेत लॉर्ना पेंगेली नावाची नर्स कित्येक वर्षं राहत होती. बाई काळ्या कपड्यांत, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आधी त्यांनी आम्हाला कॉफी पाजली, मग तिळाची बिस्किटं खायला लावली, आणि मग ओरडायला सुरुवात केली.

"ते दार माझ्या पांडेलिसने बसवलं होतं! हंस त्याने स्वतः कापलेला, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. जेवण सोडून! माझा नवरा एक वेळचं जेवण सोडतो म्हणजे काय, तुला कळतंय का?"

साहेबांना ते पूर्ण कळलं. त्यांनी टोपी काढली.

"आणि तिने काय केलं? घर सोडायच्या आधी दार काढलं, धुवायला म्हणे! मग दार कुठंय? नाही! इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, माझ्या दुखण्यात माझ्या उशाशी बसली, आणि पांडेलिसचा हंस कचऱ्यासारखा टाकून दिला. सही नाही करणार मी."

"अनामतीतून दाराची किंमत हवी आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"किंमत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप आणखी एक बिस्कीट घेतलं. "पैसे नकोत मला. हंस पाहिजे. तो येईपर्यंत त्या भाडेकरणीला एक दमडी नाही."

'भाडेकरीण' हा शब्द त्या थुंकल्यासारखा बोलल्या. पण कॉफीचे कप लावताना त्यांनी सवयीने एक जास्तीचा काढला होता. लक्षात आल्यावर तो परत फडताळात ठेवला. ते मी पाहिलं. साहेब तेव्हा भिंगातून नवा सोफा तपासत होते. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"नवा सोफा!" ते माझ्या कानात कुजबुजले. "पैसा आला कुठून? तिने स्वतःच दार विकलं."

"जुनं जाळीचं दार विकून सोफा येत असेल, तर मी माझ्या घराची सगळी दारं काढून देते," मी म्हणाले.

मागच्या जागेत साहेब गुडघ्यांवर बसून बिजागऱ्या पाहू लागले. दार नसल्यामुळे माशा थव्याने आत येत होत्या, आणि साहेबांचं तोंड बोलताना उघडंच असतं.

"बिजागऱ्या डावीकडे," ते एक माशी गिळून म्हणाले. "चोर डावखुरा आहे."

"बिजागऱ्या पांडेलिसने बसवल्या होत्या, साहेब."

"मग पांडेलिस डावखुरा होता. एकेक गोष्ट उलगडत चाललीय."

इतक्यात शेजारच्या परसातून किलबिलाट ऐकू आला. तिथे कोवाल्ड नावाचे निवृत्त शिक्षक पोपट पाळत होते. भला मोठा पिंजरा, आणि त्याला चकचकीत नवी जाळी. साहेबांचे डोळे लकाकले. जाळीसाठी दार पळवलं, हा सिद्धांत तिथल्या तिथे जन्मला. कोवाल्डनी जाळीची दुकानातली पावती दाखवली, तेव्हा साहेब म्हणाले, "निरपराध माणूस पावती जपून ठेवत नाही." कोवाल्ड खळखळून हसले आणि त्यांचा एक पोपटही हसला. साहेबांनी दोघांची नावं टिपून घेतली.

लॉर्ना आम्हाला इस्पितळाच्या उपाहारगृहात भेटली. रात्रपाळी संपवून आली होती, डोळे सुजलेले. पोर्ट लिंकनला तिची बहीण आजारी होती. तिच्याजवळ राहता यावं म्हणून लॉर्नाने तिथली नोकरी घेतली होती आणि एक छोटं घरही पाहून ठेवलं होतं. त्या घराची अनामत भरायला इथली सुटायला हवी होती. तोवर ती मैत्रिणीच्या घरी, इस्त्रीच्या टेबलाशेजारी झोपत होती.

"मी दार काढलं, नळीने धुतलं, उन्हात फाटकाला टेकवलं आणि झोपले," ती म्हणाली. "रात्रपाळी होती ना! उठले तर दार गायब. विचारायला गेले तर मिसेस माव्रिदिस अंगावरच आल्या. चोर म्हणाल्या मला."

"तुमचा कोणावर संशय?" साहेबांनी पेन्सिल सरसावली.

"त्यांनीच लपवलंय. मी जाते म्हणून राग आहे त्यांना." लॉर्नाने सँडविचचा तुकडा ताटात नुसताच फिरवला. "मी त्यांना थिया म्हणायचे. ग्रीक लोक मावशीला म्हणतात. आता मिसेस माव्रिदिसच म्हणते. आणि तो हंसबिंस काही नव्हता. मान इतकी वाकडी होती की बागेतल्या नळीचं वेटोळं वाटावं. पण रोज संध्याकाळी कामावरून आलं की तो दिसायचा, आणि आतून खमंग वास यायचा..."

तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. मी कागदी रुमाल दिला. साहेबांनीही एक घेतला आणि माशी आठवल्याचं निमित्त सांगितलं.

ऑफिसात परत येताना मी त्यांना समजावलं. "साहेब, प्रकरण न्यायाधिकरणाकडे जाऊ दे. आपलं काम सल्ल्याचं."

"न्यायाधिकरण दाराची किंमत ठरवेल. त्या दोघींचं काय?" साहेब पहिल्यांदाच भिंगाशिवाय माझ्याकडे पाहत होते. "नाही, थुई. सगळ्या संशयितांना एकत्र बोलावायचं आणि उलगडा करायचा. थोर तपासात असंच असतं."

पण बोलावणार कुठे? एव्दोकियाबाई आमच्या ऑफिसात यायला तयार नव्हत्या, कारण लिफ्टच्या दारात एकदा त्यांचा झगा अडकला होता. लॉर्ना बाईंच्या फाटकात पाऊल टाकणार नव्हती. बाई लॉर्नाच्या मैत्रिणीकडे जाणार नव्हत्या. आमच्या साहेबांनी यावर तोडगा काढला: रविवारी, स्वतःच्या परसात, बार्बेक्यू. हे सगळ्या नियमांच्या विरुद्ध आहे, असं मी लेखी कळवलं. उत्तर आलं, 'सॅलड घेऊन ये.'

रविवारी ऊन कडक होतं. विनीबाईंनी टेबल मांडलं होतं. त्या शांत स्वभावाच्या आहेत. इतकी वर्षं साहेबांबरोबर काढल्यावर माणूस शांत होतो किंवा वेडा होतो. लॉर्ना टेबलाच्या एका टोकाला बसली, एव्दोकियाबाई दुसऱ्या. मध्ये कोवाल्ड बिअर घेऊन, खुशीत. आयुष्यात पहिल्यांदाच आपण संशयित झालो, हे ते सगळ्यांना सांगत होते. परसाच्या कडेला घेवड्याचा वेल असा दाट माजला होता की मागची चौकट दिसतसुद्धा नव्हती.

साहेब सॉसेजच्या धुरात उभे राहिले. एका हातात चिमटा, दुसऱ्यात भिंग.

"गुन्हेगार या क्षणी याच परसात आहे!" त्यांनी जाहीर केलं.

"सॉसेज जळतायत," विनीबाई म्हणाल्या.

"पोपटांचे मालक कोवाल्ड! तुमच्याकडे हेतू होता, पण पावतीही होती. तुम्ही सुटलात."

"अरेरे," कोवाल्ड म्हणाले.

"लॉर्ना पेंगेली! आठवण म्हणून दार नेलंत, असं मला वाटलं होतं. पण इस्त्रीच्या टेबलाशेजारी दार मावत नाही. मी मोजून पाहिलं." हे खरं होतं. मोजताना इस्त्रीचं टेबल मिटलं आणि साहेबांचा अंगठा त्यात सापडला होता. "उरलं कोण? एव्दोकिया माव्रिदिस! दार तुम्हीच लपवलंत. कारण दार मिळालं नाही तर सही नाही, सही नाही तर अनामत नाही, आणि अनामत नाही तर लॉर्ना जाऊच शकत नाही!"

 मी सॅलडचं भांडं पुढे ओढून घेतलं. बाई आता भिरकावायला काहीतरी शोधणार, असं मला वाटलं. पण त्या बसल्या जागी लहान झाल्यासारख्या दिसल्या.

"मी नाही लपवलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण लपवून ही पोर राहिली असती, तर घराची सगळी दारं लपवली असती मी. खिडक्यासुद्धा. पांडेलिस गेल्यावर संध्याकाळी माझं कोण येत होतं? हीच. आता संध्याकाळी फाटक वाजत नाही. मग मी हंसासाठी ओरडते. कोणासाठी तरी ओरडायला नको का?"

लॉर्ना खाली मान घालून बसली होती.  एव्दोकियाबाईंना आपले डोळे कोणाला दाखवायचे नव्हते, म्हणून त्या उठल्या आणि थेट घेवड्याकडे गेल्या. आमच्याकडच्या ग्रीक बायका दुसऱ्याच्या परसात गेल्या की दुःख असो वा सुख, आधी त्याची भाजी तपासतात.

"पाणी जास्त घालतोस," त्या वेलात हात घालून नाक ओढत म्हणाल्या. "पानं नुसती माजलीत, शेंग कुठंय? आणि हे असं आडवं कोणी लावतं का? वेलाला उंची लागते, मूर्खा. हे उभं..."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पानं बाजूला सारली. हिरव्या पानांतून पत्र्याची एक वाकडी मान बाहेर आली. दार आडवं लावल्यामुळे हंस चोचीवर उभा होता.

"पांडेलिस!" बाई किंचाळल्या.

कोवाल्डनी बिअर ठेवून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"हे शक्य नाही," ते म्हणाले. "ही माझी चौकट आहे. गवतावर ठेवली होती. अडगळीत. एका फुलाफुलांच्या सोफ्याला..."

"फुलाफुलांच्या?" एव्दोकियाबाई गर्रकन वळल्या. "निळ्या? एक हात मोडका? तो माझा सोफा! भाच्याला घेऊन मीच ओढत बाहेर ठेवला, फाटकाशी!"

"कधी?" लॉर्ना उठून उभी राहिली. "मी झोपले होते तेव्हा? मी दार फाटकाला टेकवलं होतं. बाहेरून. आत लिंबाची सावली होती म्हणून."

"मी सोफा ओढत होते की दार बघत होते? कंबर मोडली होती माझी!"

"म्हणजे दार वाळत होतं," विनीबाई जळके सॉसेज ताटात काढत शांतपणे म्हणाल्या, "त्याला तुम्ही सोफा लावलात, दोन्ही मिळून अडगळ झाली, आणि गल्ल्या पालथ्या घालत आमचे हे आले. तुम्ही दोघी त्या दिवशी भांडण्याऐवजी पाच मिनिटं बोलला असता, तर दुपारीच उलगडा झाला असता. डेस्मंड, हे तरी बघ, वेलातला हंस तू रोज पाणी घालताना पाहत होतास."

"मला वाटलं नळीचं वेटोळं आहे," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

लॉर्ना आधी हसली. हसता हसता रडली. "बघा, मी म्हणत नव्हते? नळीच वाटते ती, थिया!"

तो शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एव्दोकियाबाईंनी तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि तिला कवेत घेतलं. "हंस आहे तो, गाढवे. हंस. किती वाळलीस! काय खातेस तिकडे? इस्त्री?"

मी पर्समधून अनामत सोडण्याचा फॉर्म काढला. असे प्रसंग येतात म्हणून मी तो जवळ बाळगते. बाईंनी मोहरीच्या सॉसच्या बाटलीवर कागद ठेवून सही केली. पूर्ण रक्कम लॉर्नाला. मग त्या साहेबांकडे वळल्या.

"आणि तू. दार कधी देणार?"

साहेब वेलातून दार सोडवायलाच निघाले होते, पण बाईंनी त्यांचा हात धरला. "थांब! वेल तोडशील? जिवंत झाडाला हात लावायचा नाही. शेंगा धरू दे, उतरू दे, मग आण. पण तुझा भरवसा नाही मला. अनामत ठेव."

"अनामत?" अनामतींचे मुख्य सल्लागार म्हणाले.

"हो. ते काचेचं दे."

साहेबांनी भिंग छातीशी धरलं. मी नियमाने सांगितलं की अनामत मालकाने स्वतःकडे ठेवायची नसते, ती आमच्या खात्यात जमा व्हायला हवी. तेव्हा सोमवारी ते भिंग लिफाफ्यात घालून मी माझ्या खणात ठेवलं आणि दोघांना पावती दिली. त्या काळात साहेब कागद हातभर लांब धरून वाचत आणि आपली नजर गरुडाची आहे हे कोणाला सांगत नसत.

लॉर्ना पोर्ट लिंकनला गेली. घेवडा उतरला. ईस्टरला ती सुट्टी घेऊन आली आणि साहेबांनी दार स्वतः ट्रेलरवर घालून नेलं. दोघींनी मिळून ते बसवलं. साहेबांनी फक्त स्क्रू धरले, आणि त्यांतला एक हरवला. मग एव्दोकियाबाईंनी दार तपासलं, इंच न् इंच, आमच्या कुठल्याही अधिकाऱ्याला लाज वाटेल इतकं बारकाईने.

"चोच वाकलीय," त्यांनी निकाल दिला. "अनामत जप्त."

आता सांगायचं म्हणजे, 'नेहमीच्या वापराची झीज' या एका मुद्द्यावर साहेबांनी आयुष्यात शेकडो पानं लिहिली आहेत. आडवा पडलेला हंस चोचीवर उभा राहिला तर चोच वाकणारच, हे त्यांनी कोणत्याही न्यायाधिकरणात सिद्ध केलं असतं. ते सुरुवातही करणार होते. पण बाईंच्या हातात त्या वेळी एक पोस्टकार्ड होतं. लॉर्ना आठवड्याला एक पाठवायची आणि मजकूर मावावा म्हणून मुंगीएवढ्या अक्षरात लिहायची. बाई ते डोळ्यांना लावत होत्या, लांब धरत होत्या, उन्हाकडे वळवत होत्या. "या पोरीला मोठं लिहायला काय होतं!" असं चिडून म्हणत होत्या.

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे फॉर्म मागितला. त्यांनी कुठलीही हरकत न घेता सही केली, आणि भिंग एव्दोकियाबाईंचं झालं.

फाईल बंद करताना त्यांनी मंत्र्यांना दोनच ओळी लिहिल्या: 'दार सापडलं. मधल्या काळात ते मुख्य सल्लागारांच्या वैयक्तिक देखरेखीखाली सुरक्षित होतं.' मी एक शब्दही बदलला नाही. पुढच्या अडगळीच्या आठवड्यात मी एव्दोकियाबाईंकडे गेले, तेव्हा फाटकाबाहेर गवतावर काहीही नव्हतं. बाई जाळीच्या दाराआड खुर्ची टाकून बसल्या होत्या, भिंग डोळ्याला लावून, आणि लॉर्नाने तिकडे काय जेवण केलं ते वाचून तिच्यावर मोठ्याने ओरडत होत्या.